18 किलो तेल, 80 किलो पेंड

सकाळी इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या किराणा दुकानात जे ऐकलं त्याने डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

काउंटरवर दोघं होते. एक आपल्यातल्याच काकू, हातात सोयाबीन तेलाचा पाउच, 125 रुपयांचा. दुसरा सांवेरकडचा शेतकरी. छावणी मंडीत ट्रॉली खाली करून घरचं सामान न्यायला आलेला, सोयाबीन क्विंटलला 3,900 नी गेलेलं. काकू दुकानदाराला म्हणत होत्या, दर महिन्याला तेल कसं वाढतं हो तुमचं? तेवढ्यात तो म्हणाला, "हमारा माल सस्ता, इनका तेल महंगा, तो बीच में कौन खा गया?" झालं. दोघं मिळून दुकानदारावर. त्याला एका पाउचमागे सुटणार दोन-तीन रुपये, तो मान खाली घालून साबुदाणा तोलत राहिला. आणि मागे उभ्या एका गृहस्थांनी फोन काढून फॉरवर्ड वाचून दाखवला, सगळी व्यापाऱ्यांची लूट आहे म्हणे.

राग आला तो ह्या फॉरवर्डवाल्याचा. त्या दोघांचा नाही. पुण्या-मुंबईत कोणी असं बोललं तर सोडून देता येतं, पण सोयाबीन प्रोसेसर्स असोसिएशनचं मुख्यालय ज्या शहरात आहे त्या शहरात सोयाबीनचा भाव कसा ठरतो हे कोणालाच सांगता येऊ नये?

तर ऐका. एक क्विंटल सोयाबीन प्लांटमध्ये गेलं की साधारण 18 किलो तेल निघतं, 80 किलोच्या आसपास पेंड, ज्याला बाजारात सगळे डीओसी म्हणतात, आणि दोनेक किलो घट. सरसोंत तेल याच्या दुप्पट असतं, शेंगदाण्यात त्याहूनही जास्त. म्हणून सोयाबीन घाण्यावर परवडत नाही. त्याचे पापुद्रे काढून हेक्झेन नावाच्या द्रावकाने तेल ओढावं लागतं. कागदावर ही तेलबी, धंद्यात ही पेंडबी.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते गोल धरलेत. प्लांटवर तेल 125 रुपये किलो, डीओसी 30 रुपये किलो. 18 गुणिले 125 म्हणजे 2,250. 80 गुणिले 30 म्हणजे 2,400. एकूण 4,650. यातून हेक्झेन, वाफ, वीज, मजुरी, दलाली, बारदान मिळून 300 काढा. प्लांटच्या गेटवर 4,350 च्या वर कोणी देऊच शकत नाही. दिले तर त्या दिवशी नुकसानीत गाळप. त्यातून मंडी शुल्क, हम्माली, भाडं, अडत्याचं मार्जिन गेलं की मंडीतल्या ढिगाला 4,000 च्या आसपास भाव लागतो. ओला, दागी माल असेल तर 3,900. सांवेरच्या त्या माणसाचा भाव इथून आला.

खरी मेख पुढे आहे. तेल किलोला एक रुपया वाढलं तर सोयाबीनला क्विंटलमागे 18 रुपये मिळतात. डीओसी एक रुपया पडली तर 80 रुपये जातात. म्हणजे तेल दहा रुपयांनी चढलं आणि पेंड फक्त तीन रुपयांनी उतरली, तर काकूंचा पाउच महाग आणि शेतकऱ्याचं सोयाबीन 60 रुपयांनी स्वस्त. एकाच दिवशी, मध्ये कोणी काही न खाता.

पेंड का पडली? इथे तर कोणी बघतच नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल 20 टक्के मिसळायचं लक्ष्य 2030 वरून 2025 वर आणलं. उसाने भागेना, म्हणून मका आणि तांदूळ भट्टीत गेले. धान्यातला स्टार्च आंबवून घेतला की उरतो तो चोथा, डीडीजीएस. त्यात प्रथिनं भरपूर, भाव डीओसीहून खूपच कमी. पोल्ट्रीवाल्याला कोंबडीच्या पोटात प्रथिनं घालायची आहेत, सोयाबीनशी त्याचं नातं नाही. त्याने डीओसी कमी केली, चोथा वाढवला. पूर्ण बदलता येत नाही, कारण मक्याला बुरशी असेल तर तिचं विष चोथ्यात जवळजवळ तिप्पट दाट होतं आणि पिल्लं मरतात. पण जेवढं बदललं तेवढ्यानेच भाव खाली आले. त्यात अमेरिका-ब्राझीलमध्ये बायोडिझेलसाठी तेल हवं म्हणून गाळप वाढलं, आणि तेलामागे चौपट पेंड आपोआप जगाच्या बाजारात ओतली गेली. तेल चढवणारं कारण आणि पेंड पाडणारं कारण एकच.

साठेबाजी होते, मान्य. होतेच. पण ऐन आवकीत कोणी 3,900 ला घेऊन साठवत असेल तर तो भाव पाडत नाहीये, उलट थोडा धरून ठेवतोय.

आता सरकारकडे येते. लिहिता लिहिता राग तिकडे वळलाय खरा. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून येतो, तेव्हा काकूंच्या पाउचचा भाव इंडोनेशिया, अर्जेंटिना आणि डॉलर ठरवतात. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवली तेव्हा इथे सोयाबीन तेलही तापलं होतं, आठवतं ना? 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या खाद्यतेलावरचा प्रभावी आयात कर 5.5 वरून 27.5 टक्के झाला, रिफाइंडवरचा 35.75. कशासाठी? सोयाबीन उत्पादकासाठी, असं सांगितलं. पाउच लगेच महागला. सोयाबीन मात्र त्या हंगामात 4,892 च्या हमीभावाखालीच विकलं गेलं. आश्चर्य कसलं, कराचा फायदा 18 किलोंवर, मार 80 किलोंवर. मग मे 2025 च्या अखेरीस कच्च्यावरचा कर 16.5 वर आणला आणि रिफाइंडवरचा तसाच ठेवला. ह्या फरकाने जपल्या जातात त्या रिफायनऱ्या. वाईट नाही, तिथेही लोक कामाला आहेत. पण मग शेतकऱ्याचं नाव कशाला घेता?

2025 च्या हंगामाचा हमीभाव 5,328 होता. वरचा हिशोब परत बघा, मंडीत तो भाव लागायचा तर प्लांटला डीओसी 46-47 रुपये मिळायला हवी. म्हणून त्या हंगामात परत भावांतर, मध्य प्रदेश सरकारची योजना. मंडीत विका, मॉडेल भाव आणि हमीभाव यांतला फरक खात्यात येईल. गोदामं भरण्यापेक्षा ही पद्धत बरी, हेही मान्य. पण मॉडेल भाव ही सरासरी असते. मॉडेल 4,000 निघाला आणि तुमचा ढीग 3,600 ला गेला, तर वरचे 400 तुमचेच गेले. शिवाय ठरावीक तारखांतच विकायचं म्हटलं की सगळे एकदम ट्रॉल्या आणतात आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असतं की फरक भोपाळहून येणार. 2017 मध्ये हेच बघितलंय.

मला त्या शेतकऱ्याचा चेहरा आठवतोय. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हताच. आणि काकूंचाही नाही, फक्त त्यांनी पाउच उलटा करून बघायला हवा होता. त्यावर 850 ग्रॅम लिहिलं होतं. एक लिटर तेल 910 ग्रॅम भरतं. आता 750, 800, 850, काहीही पॅक येतात, लांबून सगळे सारखे दिसतात. एमआरपी सोडा, बाजूला बारीक अक्षरात ग्रॅमचा भाव छापलेला असतो, तो ताडून बघा. हा पाउच किलोला 147 पडला. प्लांटचे 125, पाच टक्के जीएसटी, रिफायनिंग, फिल्म, गाडी, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार. मध्ये राक्षस बसायला जागाच कुठे आहे?

चोरी होते ती दुसरीकडे, काट्यावर. 16 टक्के ओलाव्याचं सोयाबीन 10 टक्क्यांवर वाळलं की 100 किलोचं 93.3 किलो होतं. म्हणजे ओलाव्यासाठी क्विंटलमागे पावणेसात किलोंची कपात न्याय्य आहे, कोणी कितीही ओरडो. आठ-नऊ किलो कापत असेल तर ती लूट, आणि तिथे भांडायचं. सांवेर-देपालपूरकडे कोणी ओळखीचं असेल तर त्याला सांगा, ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन उन्हं द्या, संध्याकाळी दव पडायच्या आत झाका, चाळणी मारून माती-काड्या काढा, आणि मंडीत ढीग ओतायच्या आधी मीटरवर ओलावा बघून तो आकडा पावतीवर लिहून घ्या.