विसरला की ऐकलंच नाही?

सोलापुरातला आमचा कट्टा. काल मास्तरांनी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि पाच मिनिटांनी बापूने पुन्हा दिले.

‘बापू विसरायला लागला,’ पक्या हळूच म्हणाला. ‘घराण्यातच आहे त्यांच्या. होणारच.’

मास्तरांचा उपाय ठरलेला. ‘रोज सुडोकू सोडवायला लावा.’

मला दोन्ही पटेना. म्हटलं, ‘पक्या, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल सांगतो, चौदा गोष्टी आयुष्यभर सांभाळल्या तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतो, निदान लांबू शकतो. बीपी, शुगर, सिगारेट, एकटेपणा, आणि ऐकू कमी येणं. बापूला ऐकू येतं का, विचारलंस कधी?’

बापूची चाळीस वर्षं पॉवरलूमवर गेली. त्या खडखडाटात शेजारच्याशी खुणांनीच बोलायचं. चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘मी सांगितलं की त्यांना, मास्तरांनी दिले म्हणून. त्यांनी नुसती मान हलवली.’

पक्या तरी अडलाच. ‘कानाला मशीन लावून डोकं शाबूत राहतं, याला पुरावा काय?’ प्रश्न रास्त होता. कानाच्या मशीनवर अमेरिकेत झालेल्या तीन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. सगळे सत्तरीपुढचे. सरसकट फरक दिसला नाही, पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता त्यांच्या बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मला एवढं पुरे आहे.

मास्तरांनी मग हैदराबादचा २०१३ चा अभ्यास काढला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्या रुग्णांत स्मृतिभ्रंश साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतसुद्धा. ‘बापू तर मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बोलतो!’ बोलतो हो मास्तर, पण समोरचं ऐकू आलं तर बोलेल ना.

माझ्या वडिलांचं मशीन कपाटात डबीत पडून असायचं. शिट्टी वाजते म्हणून काढून ठेवायचे. ते नीट बसवून आणायला आम्हाला कधी सवड झाली नाही. आधी भजन सुटलं, मग शेजाऱ्यांकडे जाणं, शेवटी घरातलं बोलणंही. शब्द पकडण्यातच माणूस दमून जातो, हे तेव्हा कळलं नाही. याची टोचणी अजून आहे.

बापूसमोर बसून सावकाश म्हटलं, ‘सोमवारी कान तपासून येऊ.’

‘मशीन नको. लोक बहिरा म्हणतील.’

पक्या मान खाली घालून मोठ्याने म्हणाला, ‘मघाशी मी तुला विसराळू म्हणालो, बापू. तुला ते ऐकूच आलं नाही.’

सोमवारी दहाला रिक्षा तोच घेऊन येतोय.