कुठला कोपरा?

वणीच्या गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली त्या वर्षी शेजारच्या काकूंनी मला विचारलं होतं, "तिरकं वर जाताना पोटात गोळा येतो का हो?" मी ऐटीत म्हटलं, "छे! कळतसुद्धा नाही." सप्तशृंगीने ते ऐकून ठेवलं असणार. नाहीतर नाशिकची बाई लास वेगसच्या पिरॅमिडात, दोन्ही हातांत गरम पाण्याचे कागदी कप घेऊन, भिंतीला पाठ टेकून उभी कशाला असती?

लेक-जावई लॉस एंजेलिसला असतात. तिथून गाडीने वाळवंट तुडवत आम्ही वेगसला गेलो. हॉटेल म्हणजे काळ्या काचेचं अख्खं पिरॅमिड. 1993 साली उघडलेलं, 30 मजली. दारात स्फिंक्स, त्याच्या पोटाखालून गाडी आत जाते. लेकीची खोली मागाहून बांधलेल्या सरळसोट टॉवरमध्ये, आणि आमची पिरॅमिडात. "बाबांना बांधकाम बघायला आवडेल म्हणून मुद्दाम घेतली," जावई म्हणाले. आमचे हे पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले ओव्हरसिअर. त्यांचा चेहरा असा खुलला, जसा आमच्या लग्नातही खुलला नव्हता.

आता हे पिरॅमिड आतून पोकळ आहे. खोल्या उतरत्या भिंतींना चिकटलेल्या, मजला वर जाईल तसा आत सरकलेला. मग सरळ लिफ्ट लावणार कुठे? एका मजल्याच्या डोक्यावर दुसरा मजला येतच नाही. म्हणून लिफ्ट कोपऱ्याकोपऱ्यांतून, 39 अंशांच्या उतारावरून चढते. एलिव्हेटर नव्हे, तिला तिथे 'इन्क्लिनेटर' म्हणतात. हे सगळं मला ह्यांनी सामान उचलून रांगेत उभं असताना सांगितलं. सामान मी उचललेलं होतं.

पहिल्यांदा चढलो तेव्हा ह्यांनी गळ्यातला चष्मा दोरीसकट काढला आणि ओळंब्यासारखा हवेत धरला. लिफ्टची जमीन अगदी सपाट असते, त्यामुळे आपण घसरगुंडीवर आहोत असं मुळीच वाटत नाही. दार लागतं, सगळे शांत. आणि मग लिफ्ट वर जायच्या ऐवजी आडवीच हिसका देते, एसटीच्या ड्रायव्हरने क्लच सोडावा तशी. चष्मा एकीकडे गेला, मी दुसरीकडे, आणि शेजारी उभा असलेला टोपीवाला अमेरिकन माझ्या हातातल्या चकलीच्या डब्यावर. "बघ, बघ! कललं!" हे ओरडले. मला वाटलं मला म्हणताहेत. मी म्हटलं, "कळलं, पण मला उठवा आधी."

खोलीत गेलो तर बाहेरची भिंत आत झुकलेली, खिडकीसकट. उशाशी उभं राहून पडदा सारायला गेलात की कपाळ काचेला. ह्यांचं तीन वेळा आपटलं आणि तिन्ही वेळा ते "वा!" म्हणाले.

पण खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी सकाळचा. खोलीत किटली नव्हती. ह्यांना चहा लागतो सहाला, आणि तोही नाशिकहून नेलेल्या टी-बॅगचा. मी खाली उतरले. खाली म्हणजे थेट कॅसिनोत; कुठेही जायचं तर कॅसिनोतून जावं लागतं. पहाटे सहाला तिथे रात्रीचे नऊ वाजल्यासारखं सगळं लखलखत होतं. एक आजी, माझ्याच वयाच्या, ऑक्सिजनच्या नळीसकट मशीनपुढे बसून बटण दाबत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. पहाटे उठणाऱ्या बायका एकमेकींना ओळखतात.

कॉफीच्या दुकानात दोन कप गरम पाणी मागितलं. "फक्त पाणी?" "फक्त पाणी." पोरगी हसली आणि पैसे घेतले नाहीत. कप घेऊन वळले आणि पहिल्यांदाच ध्यानात आलं की आपण कुठल्या कोपऱ्यातून आलो हे बघितलंच नाही. सगळे कोपरे सारखे. सगळीकडे इजिप्तच इजिप्त. नाशिकला मी कुठे चुकत नाही, कारण तिथे खुणा असतात: दत्ताचं देऊळ, बंद पडलेला पेट्रोलपंप, भेळवाला. इथे खूण म्हणून मी पैसे गिळणारं एक मोठं मशीन धरलं, तर तसली शंभर निघाली.

जो कोपरा दिसला त्यात शिरले. मजला बरोबर दाबला. लिफ्ट निघाली आणि कपातलं पाणी माझ्या आधी कललं, म्हणजे मी सरळ आणि पाणी तिरकं. अंगठ्यावर चटका बसला. मी कप उलट्या बाजूला कलवला, तोवर लिफ्टचा वेग ठरला, पाणी पुन्हा सपाट, आणि मी उगाच वाकडी. वरच्या मजल्यावर थांबताना तोच खेळ उलटा. अर्धा कप बाहेर. कॉरिडॉरमध्ये आले तर खोल्यांचे नंबर भलतेच.

या पिरॅमिडातले कॉरिडॉर आतल्या पोकळीवर उघडे आहेत. कठड्यापाशी उभं राहिलं की खाली कॅसिनो दिसतो, आणि समोरच्या बाजूचे मजले वर वर आत सरकत आलेले, घाटाच्या पायऱ्या उलट्या धराव्यात तसे. आणि समोर, अगदी समोर, आमच्याच मजल्याच्या कठड्याशी, बनियन आणि पांढरा टॉवेल घातलेला एक माणूस उभा. जगात दुसरा कोणी असा उभा राहात नाही.

"अहो!" मी हात केला. हात म्हणजे कप.

त्यांनीही हात केला. "तिथेच थांब!"

लग्नाला चाळीस वर्षं झाली, मी थांबले. पण ते माझ्याकडे यायला निघाले आणि मला वाटलं, खाली उतरून ते भलत्याच कोपऱ्यात चढले तर? मग मीच निघाले. खाली आले, ऑक्सिजनवाल्या आजींना पुन्हा मान हलवली, दुसऱ्या कोपऱ्यातून वर. या वेळी नंबर बरोबर. दार बंद. आत कोणी नाही. किल्लीचं कार्ड ह्यांच्याकडे. म्हणजे टॉवेलात कुठेतरी.

कठड्याशी गेले. हे समोर. मी मघाशी होते तिथेच.

"मी सांगितलं होतं ना, थांब म्हणून!"

खालच्या मजल्यावरचा एक माणूस दार उघडून बाहेर आला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघू लागला, टेनिसचा सामना बघावा तसा. मी खूण केली: आता मी हलत नाही, तुम्ही या. त्यांनी खूण केली: नाही, मी हलत नाही, तू ये. शेवटी खोल्या आवरणारी बाई ढकलगाडी घेऊन आली. तिने माझे कप पाहिले, समोरचा टॉवेल पाहिला आणि काही न विचारता त्याच्याकडे बोट दाखवत "हजबंड?" एवढंच म्हणाली. मग दोन्ही हातांनी त्यांना अशा काही खुणा केल्या की विमानतळावर विमान लावतात तशा. दहा मिनिटांनी हे आले. वाटेत त्यांनी आणखी दोन लिफ्टांचे हिसके ओळंब्याने तपासले होते, असं नंतर कळलं.

पाणी निवलं होतं. टी-बॅग त्यात बुडवली तर ती तरंगली नुसती. हे निमूट प्यायले. मग टेबलावरचा हॉटेलचा कागद ओढून त्यांनी पेन काढलं. "यात गोंधळ कसला? हा प्लॅन," म्हणून चौकोन काढला. "हे एलेव्हेशन," म्हणून त्रिकोण. चार कोपऱ्यांतून चार तिरप्या रेघा मधोमध नेऊन मिळवल्या. "आपण इथे." त्यांनी फुली मारली.

"कुठल्या कोपऱ्यात?"

त्यांनी कागद फिरवला. पुन्हा फिरवला. मग चष्मा लावायला हात गळ्याशी नेला, आणि दोरी नव्हती.

"लिफ्टमध्ये," मी म्हटलं. "कुठल्या, ते विचारू नका."