खुलासा : किल्ली काढली, तरी डॅशबोर्डचा दिवा चालूच?

जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘गाडी बंद केल्यावर डॅशबोर्डचा दिवा राहिला म्हणजे अल्टरनेटर जळाला. खात्रीसाठी इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा.’

अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र. मेसेजमधलं पहिलं वाक्य अर्धवट आहे, दुसरं घातक.

चालत्या इंजिनावर वायर काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, उडू शकतो. ही युक्ती जुन्या, कॉम्प्युटर नसलेल्या गाड्यांच्या काळातली. तेव्हाही ती धोक्याचीच होती म्हणा.

आता दिवा कोणता, ते बघा. लुकलुकणारा लाल किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा. तो लुकलुकायलाच हवा. काही गाड्यांत मीटरचा उजेड दार लॉक करेपर्यंत राहतो. तोही दोष नाही.

बॅटरीचाच दिवा राहिला, तर मात्र अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट झाल्याचा संशय घ्यावा. रात्रभरात बॅटरी उतरते. सगळेच दिवे राहिले तर झिजलेला इग्निशन स्विच किंवा चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच) तपासायचा. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा लिव्हर ‘पी’वर (पार्किंगवर) नीट बसलाय ना, हे आधी. कधी कधी तर पार्किंग लाइटच चालू राहिलेला असतो!

मेकॅनिकला मल्टिमीटर (करंट मोजायचं मीटर) लावायला सांगा. गाडी लॉक करून अर्ध्या तासानंतर साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट चालतो. त्याहून बराच जास्त असेल, तर एकेक फ्यूज काढत जायचं. जो काढल्यावर मीटरचा आकडा खाली येईल, बिघाड त्याच सर्किटमध्ये. कुठल्याच फ्यूजने आकडा खाली आला नाही, तर अल्टरनेटरची वायर सोडवून बघायची, अर्थात इंजिन बंद ठेवून.