वॉयनिचच्या शब्दांना मराठी प्रत्यय लागत नाहीत

गेले काही दिवस मुंबईतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. आमच्या वाचनालयाच्या गटावर तो आला, मग मोडी शिकणाऱ्यांच्या गटावर, आणि आता ओळखीचे लोक ‘हे खरं का?’ म्हणून विचारू लागले आहेत. मजकुराचं म्हणणं असं: जगाला न वाचता आलेलं वॉयनिच हस्तलिखित जुन्या मराठीत आहे. शब्दांचे शेवट मोजले की तेच तेच सापडतात, म्हणजे ते आपले विभक्तिप्रत्यय. सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द ‘देईन’ आहे. एन्ट्रॉपीचं, म्हणजे पुढचं चिन्ह किती अनिश्चित आहे याचं, गणितही भारतीय लिपीकडेच बोट दाखवतं, आणि मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) याच पद्धतीने सिंधू लिपीची भाषा सिद्ध केली आहे. शिवाय अक्षरं मोडीसारखी दिसतात.

मराठीचा मोठेपणा कुणी सांगितला तर मला आनंदच आहे. पण हा दावा मराठीच्या व्याकरणावरच पडतो, आणि ते व्याकरण आपल्याला येतं, म्हणून उत्तर देणं आपलं काम आहे.

आधी वस्तू काय ते सांगतो. येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात ‘एमएस ४०८’ या क्रमांकाने ती ठेवलेली आहे. पुस्तकविक्रेता विल्फ्रिड वॉयनिच याला ती १९१२ साली इटलीत मिळाली. वासराच्या कातड्याच्या पानांवर ती लिहिली आहे आणि कार्बन चाचणीने ते कातडं १४०४ ते १४३८ या काळातलं ठरलं. आत ओळखू न येणाऱ्या वनस्पती आहेत, राशिचक्रं आहेत, हिरव्या पाण्यात उतरलेल्या स्त्रिया आहेत, आणि ३५ हजारांवर शब्द आहेत. त्यातला एकही शब्द आजवर सर्वमान्य रीतीने वाचला गेलेला नाही.

‘शेवट मोजकेच, म्हणून ते प्रत्यय’

यातलं निरीक्षण बरोबर आहे. मोजणी सोपी व्हावी म्हणून अभ्यासकांनी या लिपीतल्या प्रत्येक आकाराला एकेक रोमन अक्षर नेमून दिलं आहे. त्या पद्धतीला ‘इव्हा’ म्हणतात. त्या हिशेबाने जवळपास ४० टक्के शब्द ‘वाय’ या एका आकारावर संपतात. त्यात ‘एन’, ‘एल’ आणि ‘आर’ मिळवले की बहुतेक सगळे शब्द आले. पण हा काही नवा शोध नाही. जॉन टिल्टमन या ब्रिटिश संकेततज्ज्ञाने १९५० च्या सुमारासच या शब्दांचे सुरुवातीचे आणि शेवटचे तुकडे वेगळे काढून दाखवले होते.

चूक आहे ती पुढच्या उडीत. एक साधं मराठी वाक्य घ्या:

‘दादरच्या मंडईतल्या फुलवाल्याने सकाळीच झेंडूच्या माळा गाडीतून उतरवून दुकानासमोर मांडल्या.’

दहा शब्द. त्यातले पाच ‘आ’वर संपतात: दादरच्या, मंडईतल्या, झेंडूच्या, माळा, मांडल्या. मराठी न येणारा माणूस म्हणेल, ‘आ’ हा प्रत्यय. प्रत्यक्षात ‘दादरच्या’ आणि ‘झेंडूच्या’ यांत षष्ठी आहे, ‘माळा’ हे अनेकवचन आहे आणि ‘मांडल्या’ हे क्रियापद. ‘मंडईतल्या’ आणि ‘मांडल्या’ यांचा शेवट तर हुबेहूब एक, ‘ल्या’; पण एक विशेषण आणि दुसरं भूतकाळी क्रियापद. ‘गाडीतून’ आणि ‘उतरवून’ यांचंही तेच. एकात स्थळ सुटतं, दुसऱ्यात आधीची क्रिया पुरी होते. भाषा येत असताना हे आपण न थांबता ओळखतो. भाषाच माहीत नसताना नुसत्या मोजणीतून ‘ही तृतीया, ही सप्तमी’ असं ठरवायला काहीही आधार उरत नाही.

मराठी असेल तर आणखी एक गोष्ट दिसायलाच हवी: सामान्यरूप. प्रत्यय लागला की आपला शब्द आतून बदलतो. घोडा, पण घोड्याला. पाऊस, पण पावसाने. फूल, पण फुलाचा. म्हणजे मूळ शब्द एकटा सापडला पाहिजे, त्याचं बदललेलं रूप सापडलं पाहिजे, आणि त्या एकाच बदललेल्या रूपापुढे तीन-चार वेगवेगळे प्रत्यय सापडले पाहिजेत. त्यासोबत ‘आणि’, ‘पण’, ‘तर’ यांसारखी कुठलाच प्रत्यय न घेणारी अव्ययं पानोपानी हवीत. फिरणाऱ्या मजकुरात अशी एकही जोडी दाखवलेली नाही.

शेवटांच्या मोजणीतून खरंच काही हाती लागतं का? लागतं, आणि त्याचं उदाहरण आहे. क्रीट आणि ग्रीसमध्ये सापडलेल्या ‘लिनिअर बी’ लिपीतल्या पाट्यांवर अमेरिकी अभ्यासक ॲलिस कोबर यांनी १९४० च्या दशकात नेमकं हेच काम केलं. एकच मूळ असलेले आणि फक्त शेवटाला बदलणारे शब्दांचे त्रिकूट त्यांनी शोधून काढले. त्यावरून त्या एवढंच म्हणाल्या की या भाषेत शब्द विकार पावतात. भाषा कोणती, उच्चार कोणते, यावर अंदाज बांधायला त्यांनी ठाम नकार दिला. १९५० मध्ये त्या वारल्या, आणि १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी ती भाषा ग्रीक असल्याचं दाखवलं. व्हेंट्रिस यांची स्वतःची अटकळ बरीच वर्षं प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन भाषेची होती. आकड्यांनी त्यांना स्वतःच्या आवडत्या उत्तरापासून दूर नेलं. कोबर यांच्या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि शेवट मोजणाऱ्या प्रत्येकाने ते आधी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

अर्ध्या पुस्तकात नसलेला प्रत्यय

मजकुरात ज्याचा उल्लेखही नाही तो मुद्दा माझ्या मते सगळ्यात वजनदार आहे. अमेरिकी संकेततज्ज्ञ प्रेस्कॉट करियर यांनी १९७६ मध्ये दाखवलं की या हस्तलिखिताची पानं दोन गटांत पडतात. त्यांना त्यांनी ‘ए’ आणि ‘बी’ म्हटलं. ‘बी’ पानांवर ‘ई-डी-वाय’ असा शेवट असलेले शब्द शेकड्यांनी येतात. ‘ए’ पानांवर ते जवळपास नाहीतच. दोन गट म्हणायचे की एकातून दुसऱ्याकडे हळूहळू सरकत गेलेली पानं, यावर मतं वेगळी आहेत, पण फरक कुणी नाकारत नाही.

कुणी म्हणेल, विषय बदलला की शब्द बदलणारच. पण वनस्पतींच्या विभागात दोन्ही प्रकारची पानं आहेत: तसंच झाड, तशीच मांडणी, एका पानावर हा शेवट भरभरून आणि दुसऱ्यावर गायब. विषय बदलला म्हणून नामं बदलतील. ‘ला’, ‘ने’, ‘चा’ बदलणार नाहीत. पाककृती लिहा नाहीतर भाडेकरार, षष्ठी सोडून मराठीत दोन पानं पुढे जाता येत नाही.

दुसरी गोष्ट ओळींची. ‘एम’ म्हटला जाणारा आकार मुख्यतः ओळीच्या शेवटच्या शब्दातच येतो. परिच्छेदाच्या पहिल्या ओळीत काही उंच आकार एकदम वाढतात. शिवाय एका शब्दाचा शेवट पुढच्या शब्दाची सुरुवात कोणती असेल यावर परिणाम करतो. ‘वाय’वर संपणाऱ्या शब्दानंतर ‘क्यू-ओ’ने सुरू होणारा शब्द येण्याचं प्रमाण जास्त, हेही करियर यांनीच नोंदवलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून ओळीचा शेवट वेगळा दिसतो, असं समर्थन मी ऐकलं. ते टिकत नाही. या पुस्तकात चित्र आधी काढलंय आणि मजकूर पानाफांद्यांना वळसा घालून लिहिलाय. ओळ संपते ती जागा संपली म्हणून, वाक्य संपलं म्हणून नव्हे. कागद कुठे संपतो हे मराठी प्रत्ययाला कळत नाही.

‘देईन’

‘इव्हा’त ‘डी-ए-आय-आय-एन’ असा लिहिला जाणारा शब्द ८०० हून जास्त वेळा येतो, हे खरं. पण ती अक्षरं उच्चार नाहीत, लिहायच्या सोयीसाठी दिलेली नावं आहेत. त्या आकारांना उद्या क, ख, ग म्हटलं तरी मोजणी तीच राहील आणि ‘देईन’ नाहीसा होईल.

एन्ट्रॉपी आणि टीआयएफआर

एक चिन्ह कळल्यावर पुढचं कोणतं येईल याची अनिश्चितता किती, हे सशर्त एन्ट्रॉपी सांगते. वॉयनिचमध्ये ती फार कमी आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बेनेट यांनी १९७० च्या दशकातच हे मोजलं. मजकूर म्हणतो, भारतीय लिप्यांत व्यंजनाला स्वर चिकटतो म्हणून ती कमी. येलमधल्या ल्यूक लिंडमन आणि क्लेअर बोवर्न यांनी शेकडो भाषांच्या नमुन्यांशी तुलना केली, लिप्यंतराच्या पद्धती बदलून पाहिल्या, तरी वॉयनिच सगळ्यांच्या खालीच राहिलं. नुसत्या लिपीच्या प्रकाराने ही दरी भरत नाही.

आता कुलाब्याच्या टीआयएफआरबद्दल. तिथल्या निशा यादव आणि मयंक वाहिया यांनी राजेश राव, इरावतम महादेवन आणि इतरांसोबत २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सिंधू चिन्हांच्या क्रमाची एन्ट्रॉपी मांडली. ती ज्ञात भाषांच्या पट्ट्यात पडते, त्यामुळे ही चिन्हं भाषा लिहीत असण्याच्या शक्यतेला बळ मिळतं, एवढं त्यांचं म्हणणं. त्यांनी एकही चिन्ह वाचलं नाही, भाषेचं नावही घेतलं नाही. त्यावरही रिचर्ड स्प्रोट यांच्यासारख्या भाषातज्ज्ञांनी कडक आक्षेप घेतले आणि तो वाद चांगला रंगला. ‘टीआयएफआरने भाषा सिद्ध केली’ हे म्हणणं त्या संशोधकांवर अन्याय करणारं आहे. आणि त्यांचीच मोजपट्टी वॉयनिचच्या अक्षरांना लावली तर ती भाषांच्या पट्ट्याबाहेर जातात, म्हणजे हा दाखला दाव्याच्या उलटच पडतो.

झिफचा नियम (मोजकेच शब्द खूप वेळा येतात आणि बाकीचे क्वचित) पाळला जातो, हाही एक उपमुद्दा मजकुरात आहे. यादृच्छिक अक्षरं टंकली तरी तशी वाटणी मिळते, हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे.

मोडी

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण मोडी वाचता येणारी माणसं इथे आहेत. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. एखादा कागद समोर घ्या. आधी पानभर शिरोरेघ ओढलेली, तिला लटकून अक्षरं, बोरू शक्यतो न उचलता लिहिलेली, आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. वॉयनिचमध्ये शिरोरेघ नाही, आकार सुटे सुटे आहेत, आणि शब्दांमध्ये मोकळ्या जागा ठळक आहेत. मोडी कागदावर शब्दाचा शेवट आधी वाचून ठरवावा लागतो. या दाव्याची सगळी आकडेवारी मात्र मोकळ्या जागांवर उभी आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

हस्तलिखिताची सगळी छायाचित्रं बायनेकीने खुली ठेवली आहेत, लिप्यंतराच्या फाइलीही फुकट मिळतात. मजकूर लिहिणाऱ्याने ‘ए’ आणि ‘बी’ पानं वेगळी करावीत, ज्याला तो षष्ठी म्हणतो तो शेवट दोन्हीकडे मोजावा आणि आकडे त्याच गटांवर टाकावेत.