अर्लपद पदरात कसं पाडावं आणि घरात कसं ठेवावं

पद निवडताना घाई करू नका. स्कॉटलंडात सरदारक्या पुष्कळ आहेत, पण बऱ्याचशा सतराव्या शतकातल्या, म्हणजे अगदी कालपरवाच्या. त्यांच्या सनदा जागेवर आहेत, वारसाक्रम स्वच्छ लिहिलेला आहे, त्यामुळे त्यांत भांडायला फारसं काही उरलेलं नाही. तुम्हाला हवं ते मारचं अर्लपद, म्हणजे वरच्या दर्जाची सरदारकी. ॲबर्डीनशायरमधल्या डी आणि डॉन या नद्यांकाठचा तो मुलूख, किल्ड्रमी हा त्याचा मुख्य किल्ला, आणि अर्लांची गणती सुमारे 1115 पासून. तेव्हा या माणसाला अर्ल म्हणतसुद्धा नसत, 'मोरमेर' म्हणत. पद निर्माण केल्याची सनद अर्थातच कुठं नाही. याला उणीव समजू नका, हेच तुमचं भांडवल आहे. सनद नसली की तिच्यात काय लिहिलं असेल ते प्रत्येक पिढीला आपल्या सोयीनं सांगता येतं.

पद मिळाल्यावर लगेच मोठी जबाबदारी घेऊ नका. मारचा अर्ल डॉनल्ड 2 ऑगस्ट 1332 रोजी राज्याचा कारभारी झाला आणि 11 ऑगस्टला डप्लिन मूरच्या लढाईत मारला गेला. नऊ दिवस. त्याचा नातू जेम्स डग्लस, डग्लस आणि मार अशा दोन्ही घरांचा वारस, 1388 मध्ये ऑटरबर्नच्या लढाईत पडला. औरस मूल मागं नव्हतं, म्हणून मार गेलं बहिणीकडं, इझाबेलाकडं.

इथं स्कॉटलंडचा कायदा समजून घ्या, कारण पुढचा सगळा खेळ त्यावर आहे. तिथली जुनी अर्लपदं मुलगा नसेल तर मुलीकडं जातात, आणि मुली अनेक असल्या तर थोरलीकडं. इंग्लंडातल्या जुन्या बॅरनीसारखं नाही. तिथं दोन मुली असल्या की दोघींचा हक्क सारखा धरतात आणि पद शतकानुशतकं लोंबकळत राहतं. स्कॉटिश पद्धतीत असं लोंबकळणं नाही. त्यामुळे एकटी विधवा वारसदारीण दिसली की सगळी मालमत्ता एकाच ठिकाणी सापडते.

आता मुख्य कृती. साहित्य: एक किल्ला, एक विधवा, थोडी माणसं आणि एक कारकून. बाप शक्यतो वजनदार असावा. लग्नाचा असायलाच हवा असं नाही. अलेक्झांडर स्टुअर्टचा बाप म्हणजे 'बॅडेनॉकचा लांडगा', राजाचा सख्खा भाऊ, एल्गिनचं कॅथीड्रल जाळलेला. अलेक्झांडर हा त्याचा अनौरस मुलगा. इझाबेलाच्या नवऱ्याला काही लोकांनी पकडून डांबलं आणि तो 1402 मध्ये कैदेतच मेला. कोणाची माणसं होती हे सिद्ध झालं नाही, आणि तुमच्या बाबतीतही होता कामा नये. 1404 मध्ये अलेक्झांडरनं किल्ड्रमी घेतला आणि 12 ऑगस्टला इझाबेलाकडून दस्त करून घेतला: पद दोघांच्या मुलांना, मुलं नसली तर अलेक्झांडरच्या वारसांना.

नवशिके इथंच थांबतात. किल्ला आधी आणि दस्त नंतर, असा क्रम कुठल्याही दरबारात जरा वाईट दिसतो, आणि राजानं त्यावर मोहोर उठवली नाही तर तो कागद शेगडीत घालायच्या लायकीचा. अलेक्झांडरला हे कळत होतं. म्हणून सप्टेंबरमध्ये त्यानं किल्ल्याच्या दारात, बिशप आणि कुळांच्या देखत, किल्ल्या, चांदीची भांडी, दागिने आणि दप्तर इझाबेलाच्या स्वाधीन केलं. तिनं त्या किल्ल्या हातात घेऊन, कोणाच्याही दबावाशिवाय, समोर उभ्या असलेल्या माणसाला नवरा म्हणून पसंत केलं. नवी सनद झाली, जानेवारी 1405 मध्ये राजानं ती मान्य केली. त्या सनदेत मात्र एक कलम बदललं होतं: मुलं नसतील तर पद इझाबेलाच्या रक्ताच्या वारसांकडं. देखावा नीट वठावा म्हणून दिलेली सवलत. पुढची साडेचारशे वर्षं वकिलांनी या दोन कागदांमधल्या फरकावर पोट भरलं.

मुलं झाली नाहीत. तेव्हा दुसरी कृती: राजीनामा द्या आणि नवी सनद घ्या. 1707 पूर्वी स्कॉटलंडात हे सर्रास चालायचं. पद राजाच्या पायाशी ठेवायचं आणि हवा तो वारसाक्रम घालून परत उचलायचं. अलेक्झांडरनं 1426 मध्ये ते केलं आणि स्वतःच्या अनौरस मुलाचं नाव घातलं. पण तळाला एक ओळ होती: तोही वंश संपला तर पद राजाला. मुलगा आधी वारला, बाप 1435 मध्ये, आणि राजानं तळाची ओळ मोठ्यानं वाचली. आपल्याकडं मुखत्यारपत्रावर न वाचता सही करणाऱ्यांना लोक हसतात. निदान त्यांच्यापुढं राजा नसतो.

राजाकडं गेलेली गोष्ट परत मागायची असेल तर राजा लहान असताना मागा. इझाबेलाच्या रक्ताचा वारस रॉबर्ट अर्स्किन. त्याचं नातं एका एलिनवरून, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अर्लच्या मुलीवरून. 1438 मध्ये, राजा सात-आठ वर्षांचा असताना, स्थानिक पंचांनी त्याला वारस ठरवलं. राजा मोठा झाला आणि 1457 मध्ये ॲबर्डीनला स्वतः जातीनं बसून त्यानं नव्या पंचांकडून तो निकाल चुकीचा ठरवून घेतला. मग शंभरेक वर्षं मार म्हणजे राजघराण्याच्या खिशातलं सुटं नाणं. एका राजाच्या भावाला दिलं, तो 1479 च्या सुमारास कैदेत मेला. मग आणखी कोणाला. किल्ड्रमी तर एल्फिन्स्टन घराण्याच्या पदरात टाकला. हो, तेच एल्फिन्स्टन, ज्यांच्या घरातले दोघे पुढं मुंबईचे गव्हर्नर झाले आणि ज्यांच्यातल्या एकाच्या नावाची स्टेशनची पाटी 2018 मध्ये उतरून प्रभादेवीची लागली. किल्ड्रमीवरून त्यांची पाटी आधीच, 1626 मध्ये, कोर्टानं उतरवली होती.

कारण दरम्यान अर्स्किन परत आले होते. मेरी राणीनं 1565 मध्ये जॉन अर्स्किनला मार दिलं. जूनमध्ये जमिनीची सनद, त्यात तो जुन्या घराण्याचा वारस असल्याचा उल्लेख. जुलै सरता सरता, राणीच्या डार्नलीशी झालेल्या लग्नाच्या धामधुमीत, दरबारात लोक त्याला अर्ल म्हणू लागले. पण 'हे जुनंच पद परत दिलं' की 'हे नवं पद निर्माण केलं', याचा एका ओळीचा कागद कोणी केला नाही. मांडवात गडबड असते, समजू शकतो. तरीही तुमच्यावर अशी वेळ आली तर वऱ्हाडातल्या एखाद्या कारकुनाला बाजूला घ्या आणि ती ओळ लिहून घ्या. न लिहिल्याचा खर्च पुढं बघू.

मधल्या काळात बंड करायचं असेल तर हरकत नाही, फक्त जिंका. 1715 मध्ये जॉन अर्स्किन, ज्याला लोक सारखी बाजू बदलतो म्हणून 'बॉबिंग जॉन' म्हणत, त्यानं ब्रेमारला गादी गेलेल्या स्टुअर्ट राजघराण्याचं निशाण उभारलं. काठीवरचा सोनेरी गोळा तेव्हाच खाली पडला म्हणतात. शेरिफमूरला शत्रूच्या दुपटीहून जास्त फौज असून त्याला धड जिंकता आलं नाही, धड हरताही आलं नाही. 1716 मध्ये पद जप्त. अशा वेळी एक भाऊ सरकारच्या बाजूला ठेवावा. त्याचा भाऊ लॉर्ड ग्रेंज न्यायाधीश होता. त्यानं नातेवाइकांच्या मदतीनं जप्त जमिनीतला काही भाग सोडवून घेतला. हाच तो ग्रेंज, ज्यानं 1732 मध्ये तोंड बंद ठेवत नाही म्हणून स्वतःच्या बायकोला पळवून नेऊन हेब्रिडीजच्या बेटांवर आणि पुढं पार सेंट किल्डावर डांबलं. कुटुंबवत्सल माणूस.

आता खरी कारागिरी. बंडखोराच्या मुलीचं लग्न ग्रेंजच्या मुलाशी, म्हणजे सख्ख्या चुलत भावाशी झालं. त्यांचा मुलगा आईकडून थेट वारस आणि बापाकडून पुरुषवारस, म्हणजे फक्त पुरुषांच्या साखळीतून येणारा. कुलूप कुठलंही असो, किल्ली खिशात. 1824 मध्ये संसदेनं त्याला पद परत दिलं. तो ऐंशी ओलांडलेला होता आणि पुढच्या वर्षी वारला, पण ते असो. दोष एवढाच की ही युक्ती एकदाच चालते. त्याचा नातू 1866 मध्ये निपुत्रिक वारला आणि दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या खिशांत गेल्या: रक्ताचा जवळचा वारस बहिणीचा मुलगा, आडनाव गुडीव्ह, पुरुषवारस लांबचा भाऊबंद, केलीचा अर्ल.

दत्तक घेऊन मोकळं व्हावं, असं तुमच्या मनात आलं असेल. नाही चालत. दत्तकाला तिथं पद मिळत नाही. याचा सर्वांत निष्ठावान अनुयायी आपल्याला चांगला ठाऊक आहे: डलहौसीचा दहावा अर्ल. त्यानं 1848 मध्ये साताऱ्याचा दत्तक नाकारला, 1854 मध्ये नागपूर खालसा केलं, आणि 1860 मध्ये स्वतः फक्त दोन मुली मागं ठेवून वारला. त्याची स्वतः मिळवलेली मार्क्विसची पदवी त्याच्याबरोबरच खालसा झाली. अर्लपद चुलतभावाकडं गेलं, तोही 1874 मध्ये निपुत्रिक वारला, आणि ते पुन्हा तिसऱ्याच भावाकडं सरकलं. लंडनहून कोणी रेसिडेंट आला नाही.

खोटे कागद करायचे तर अभ्यास करून करा. 1839 मध्ये स्टर्लिंगच्या अर्लपदासाठी एकानं कॅनडाचा जुना नकाशा पुराव्यात आणला, मागं वंशावळीच्या साक्षी लिहिलेल्या. नकाशावर साल 1703, नकाशेकाराच्या नावापुढं 'राजाचा प्रथम भूगोलवेत्ता' हा किताब; तो त्याला मिळाला 1718 मध्ये. दुसरा दस्त 7 डिसेंबर 1639 चा, आणि साक्षीला असलेले आर्चबिशप नोव्हेंबरातच वारलेले. ज्यूरीनं कागद बनावट ठरवले, पण ते त्यानंच केले हे 'सिद्ध झालं नाही' असा खास स्कॉटिश निकाल देऊन त्याला सोडलं.

मारच्या दोन्ही वारसांचे कागद अस्सल होते, म्हणून त्यांना वेळ जास्त लागला. गुडीव्हनं आडनावापुढं अर्स्किन जोडलं आणि स्वतःला अर्ल म्हणवू लागला. 1867 मध्ये केलीचा दावा दाखल, 1872 मध्ये तो वारला, मुलानं पुढं चालवला. 25 फेब्रुवारी 1875 रोजी लॉर्ड्सच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, समितीनं निकाल दिला: जुनं मार केव्हातरी संपलं, 1565 मध्ये मेरीनं नवं पद निर्माण केलं असणार, सनद सापडत नाही, आणि सनद नसली की अठराव्या शतकात लॉर्ड मॅन्सफिल्डनं घालून दिलेल्या पायंड्याप्रमाणं पद फक्त पुरुषवारसाला. म्हणजे नसलेली सनद गृहीत धरून तिच्यातलं नसलेलं कलम वाचलं. 1404 ची सनद मात्र असून निरुपयोगी.

स्कॉटिश सरदार खवळले. क्रॉफर्डच्या अर्लनं या एका निकालाविरुद्ध दोन खंड लिहिले. छापून आले तेव्हा तो हयात नव्हता. शेवटी 1885 मध्ये संसदेनं कायदा केला: निकाल बरोबर आणि गुडीव्हसुद्धा बरोबर. मार दोन. जुनं गुडीव्ह-अर्स्किनकडं, 1565 चं केलीकडं. सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावं चढतात तेव्हा जमीन निदान अर्धी होते; इथं तीही गरज पडली नाही.

तेव्हा पत्र लिहिताना जपा. जुन्या पदावर 1975 पासून एकतिसाव्या काउंटेस, म्हणजे स्त्री-अर्ल, आहेत, बाई असून, म्हणजे इझाबेलाच्या हिशेबानं. त्या 2020 पर्यंत लॉर्ड्समध्ये बसल्या आणि वुस्टरशायरमध्ये बकरीच्या दुधाचं चीज करत. नव्या पदावर चौदावे अर्ल, जे केलीचे सोळावे आहेत. तुमचा दावा तिसरा असेल तर 2004 पासून सरदारांची अधिकृत नोंदवही आहे, तीत नाव लागल्याशिवाय सरकारी कागदावर कोणी तुम्हाला अर्ल लिहिणार नाही. जन्माचा दाखला, आईबापांच्या लग्नाचा दाखला आणि तुमच्यापेक्षा जवळचे सगळे संपल्याचा पुरावा सोबत जोडा. लग्नाच्या दाखल्यावरची तारीख आधी बघून घ्या.