पैसे या प्रभागात, मत त्या प्रभागात

सकाळी शटर वर केलं, गणपतीला अगरबत्ती लावली आणि गिऱ्हाईक यायच्या आत पेपर उघडला. स्थानिक पानावर दोन बातम्या शेजारीशेजारी. एकीत आमच्या शहराचे मतदार किती जागरूक, सकाळपासून कशा रांगा लावतात, याचं कौतुक. दुसरीत शहरात व्यवसाय वाढीला लागलेत, यंदा पालिकेनं गेल्या वर्षापेक्षा जास्त व्यवसाय परवाने दिलेत, असं स्वतःच स्वतःची पाठ थोपटणं. डोकं असं सणकलं म्हणता, चहा तसाच गार झाला. कारण त्या वाढलेल्या परवान्यांतले दोन माझे आहेत, आणि माझा धंदा बोटभरसुद्धा वाढलेला नाही.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उद्या परत त्याच टेबलासमोर उभं राहायचंय मला. गोव्यात महानगरपालिका एकच, पणजीची. बाकी नगरपालिका १३. त्यातली कुठलीही धरा, फारसं बिघडणार नाही.

तर ही वाढ कशी झाली ते ऐका. ३० मे १९८७ला गोवा घटक राज्य झालं आणि त्याच जूनमध्ये सासऱ्यांनी शाळेच्या वह्या-पुस्तकांचं दुकान घातलं. जुन्या बाजारात, बारा बाय दहाचा गाळा. पुढे नवऱ्यानं झेरॉक्सचं मशीन घेतलं, मी आल्यावर कोपऱ्यात थंड पेयांचा एक फ्रीज ठेवला. वर्षानुवर्षं एकच परवाना होता, कोणाच्या पोटात दुखलं नव्हतं. यंदा नूतनीकरणाला गेले, तर एक साहेब तपासणीला आले. गाळ्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं असतं, त्यामुळे त्यांनी बाहेरूनच मान आत घातली आणि बोटानं मोजलं. "हे तीन धंदे जाले, वयनी." स्टेशनरी वेगळी, झेरॉक्स वेगळं, फ्रीज वेगळा. तीन अर्ज, तीन फोटो, तीन पावत्या. बाई तीच, गल्ला तोच, पंखा तोच. पण पालिकेच्या दप्तरी एका दुकानाची तीन दुकानं झाली. ह्याला म्हणतात व्यवसायवृद्धी! उद्या फ्रीजवर पेप्सीकोला आणि आतमध्ये ताक ठेवलं तर चार होतील.

आणि कोण मोजतंय बंद पडलेली? आमच्या ओळीतला शिंपी गेला, घड्याळवाला गेला, टायपिंगची इन्स्टिट्यूट गेली. शटरवर गंज चढलाय. परवाना दिला की पेपरात फोटो येतो, दुकान बंद झालं की कुठे येतो?

खरी कथा तर पुढेच आहे. गटाराची लादी.

२०२४च्या मे महिन्यात, पावसाआधीची सफाई म्हणून, दुकानासमोरच्या गटारावरच्या लाद्या काढल्या. सगळ्या परत बसवल्या, माझ्या दारातली तेवढी काढताना फुटली. दोन फूट बाय दीड फुटाचं भोक. कामगार म्हणाले, नवी आणून बसवतो. मी तोपर्यंत दुकानातली जुनी फळी टाकली, वह्यांच्या कपाटाची. सनमायका निघालेली, एका बाजूला अजून "दुरेघी" असं सासऱ्यांच्या अक्षरातलं लेबल चिकटलेलं. तोपर्यंत म्हणजे किती, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? दोन पावसाळे ती फळी भिजली, फुगली, मधोमध वाकली. रोज रात्री आत घ्यायची, रोज सकाळी बाहेर टाकायची. चौथीतल्या एका मुलीचा पाय कडेनं घसरून आत गेला. गुडघा खरचटला, सँडल गटारातून वाहून गेलं. तिच्या आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू गटार मी खणलंय. सँडलचे पैसे मी दिले. काय करणार, गिऱ्हाईक आहे.

अर्ज केला. पहिलं उत्तर: लोकसभेची आचारसंहिता. बरोबर, ७ मे २०२४ला आमच्याकडे मतदान होतं, निकाल जूनमध्ये. पण गटारं साफ करायला आचारसंहिता आड आली नाही, फुटलेली लादी परत बसवायला मात्र आली. मग पाऊस. पावसात काँक्रीट धरत नाही म्हणे. मग चतुर्थी, मग माणसं सुट्टीवर, मग निधी, मग निविदा. २०२५च्या डिसेंबरात पुन्हा गेले तर काय ऐकलं? जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीची आचारसंहिता! अहो, २० डिसेंबरला मतदान झालं ते गावांत. शहरातल्या माणसाला त्यात मत नाही, शहरात उमेदवार नाही, आणि अडलं काय, तर माझी लादी. मी हे बोलून दाखवलं. टेबलामागच्या पोरीनं मान वर न करता सांगितलं, "सायब भायर गेल्यात. फाल्यां येयात." फाल्यां म्हणजे उद्या. ह्या "फाल्यां"वर एकदा कोणीतरी संशोधन करा.

मधल्या काळात नगराध्यक्षही बदलला. आमच्याकडे नगराध्यक्ष काही लोक थेट निवडत नाहीत, नगरसेवक आपसांत ठरवतात. थोडे महिने तू, थोडे महिने मी, नाही पटलं की अविश्वास ठराव. सत्कार, हार, पेढे, परत पहिल्यापासून. माझ्या एकाच अर्जाच्या दोन प्रतींवर दोन वेगवेगळ्या नगराध्यक्षांचे शेरे आहेत. दोघांचाही मजकूर एकच, "योग्य कार्यवाहीसाठी". अक्षर तेवढं पहिल्याचं बरं होतं.

शेवटी बाजाराच्या प्रभागाच्या नगरसेवकाला गाठलं. माणूस गोड आहे, खोटं कशाला बोलू. खुर्ची दिली, सोडा मागवला, सगळं ऐकून घेतलं, आणि मग हळूच विचारलं, "वयनी, तुमचें मत हांगा ना न्हय?"

नाही. माझं मत इथे नाही. मत जिथे राहतो तिथे असतं. आम्ही दोन किलोमीटरवर राहतो, दुसऱ्या प्रभागात. मी म्हटलं, परवाना इथे, कचऱ्याचे पैसे इथे, पाटीचे पैसे इथे. ते हसले. त्या हसण्यात सगळं आलं.

घरी आले आणि आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेला फोन लावला. उचलला तिच्या नवऱ्यानं. (जागा बाईसाठी राखीव, फोन नवऱ्यासाठी राखीव. २०२१ला म्हापसा, मडगाव, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांचं आरक्षण हायकोर्टानं रद्द केलं होतं, बायकांना एक तृतीयांश जागा नीट दिल्या नाहीत म्हणून. कोर्टानं जागा मिळवून दिल्या, पण फोनचं काय?) तो म्हणाला, "बाजार आमच्या वार्डांत येना, वयनी." झालं. म्हणजे जिथे मी पैसे देते तिथे माझं मत नाही, आणि जिथे माझं मत आहे तिथे माझं गटार नाही.

आणि हे माझ्या एकटीचं नाही, पूर्ण बाजाराचं आहे. निवडणूक आली की मतदार याद्या झेरॉक्सला माझ्याकडेच येतात, म्हणून मला माहीत. बाजाराच्या प्रभागाची यादी ही एवढीशी. आमच्या इमारतीच्या पत्त्यावर तीन नावं, त्यातले एक आजोबा वारून चार वर्षं झाली. वरच्या माळ्यावर राहणारी कुटुंबं केव्हाच फ्लॅट घेऊन शहराबाहेर गेली, बरीचशी तर शेजारच्या पंचायतीत. ती तिथे सरपंच निवडतात आणि सकाळी नऊ वाजता इथे येऊन शटर उघडतात. ज्या ठिकाणी शहराचा सगळा पैसा फिरतो तिथे मतदार नाही, आणि मतदार नाही म्हणून लादी नाही. शटरला शाई लावता येत नाही ना बोटाची.

चतुर्थीत या बघायला. माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळापानांची जी मांडवी बांधतात तिच्या बाजाराला माझ्या दारात दोन्ही बाजूंनी बायका बसतात, कांगलां, माट्टुल्यां, घागऱ्यो अशी रानातली फळं-शेंगा, सुपारीचे घोस, नारळांचे घड घेऊन. बसू देत, वर्षाचे चार दिवस, त्यांचंही पोट आहे, आणि माटोळी बांधायला मीही त्यांच्याकडूनच घेते. पण सोपोवाला, म्हणजे बाजारात बसायचा कर गोळा करणारा, पावती फाडत फिरतो, तो बरोबर माझ्या फळीवर पाय देऊन पलीकडच्या बाईकडे जातो! पैसे गोळा करायला भोक दिसतं, कुठे पाय ठेवायचा नाही ते पक्कं ठाऊक असतं. मी म्हटलं, बाबा, हे वरती सांग की. म्हणाला, मी कंत्राटदाराचा माणूस. ठीक. रस्ता एका खात्याचा, गटार दुसऱ्याचं, सोपो कंत्राटदाराचा, पाय माझ्या गिऱ्हाइकाचा.

मग ते मतदानाचं कौतुक. कौतुक आहेच हो, ते मी नाकारत नाही. २०२२च्या विधानसभेला गोव्यात ७९ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. मुंबई महापालिकेला २०१७मध्ये ५५ टक्के झालं तर केवढं झालं म्हणून नाचत होते. आमच्याकडे म्हातारी माणसं खुर्चीवरून उचलून नेतात, दुबईहून पोरं येतात. माझे सासरे १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाला फुलावर शिक्का मारून आलेले, महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूचे. दोन पानं, म्हणजे वेगळं राहायची बाजू, जिंकली. किती मतांनी? ३४,०२१. हा आकडा सासऱ्यांना मरेपर्यंत तोंडपाठ होता, घरच्या फोनचा नंबर मात्र विसरायचे. हरले, पण कधी म्हणाले नाहीत की मत फुकट गेलं. त्या एका मतात आपला प्रदेश कुठे जाणार हे ठरत होतं. त्यांच्या सुनेला एक लादी ठरवता येत नाहीये.

टक्केवारी वाढते कशी तेही सांगते, पेपरवाले लिहिणार नाहीत. प्रभाग एवढे लहान की उमेदवाराला कोणाच्या घरी पाणी येत नाही, कोणाची मुलगी लग्नाची आहे, कोणाचा गॅस संपलाय, सगळं माहीत. पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेल असतं, आणि पॅनेलच्या मागे कोण ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. दारात येतात, "लक्ष दवरात हां, वयनी", हात जोडतात, आमच्या कुत्र्याचं नाव घेऊन त्याला थोपटतात. मत टाकायला न जाऊन सांगता कोणाला? संध्याकाळी चौकात भेटतातच. ह्याला जागरूकता म्हणायचं तर म्हणा. मला तर ती शेजारधर्मासारखी वाटते, आणि शेजाऱ्याचं गटार साफ करणं शेजारधर्मात कुठे बसतं?

आता माझंच एक पाप सांगून टाकते, नाहीतर वाचणारे म्हणतील बाई फारच सोवळी. माझा झेरॉक्सचा धंदा चालतो तो ह्याच कारभारावर. परवाना ऑनलाइन भरा म्हणतात. माणूस भरतो. मग प्रिंट काढून घेऊन या म्हणतात. मग घरपट्टीची पावती, वीजबिल, आधार, घरमालकाचा ना हरकत दाखला, सगळं तीन-तीन प्रतींत, सही करून. लोक घाम पुसत माझ्याकडे येतात. ऑनलाइन झाल्यापासून माझा कागद जास्त खपतो! एकही कागद कमी केला तर माझंच नुकसान. म्हणजे त्या बातमीतली व्यवसायवृद्धी कुठे असेलच तर ती एवढीच, आणि तीही रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या खिशातून.

पालिकेचं स्वतःचं मशीन बिघडलं की शिपायाला माझ्याकडे पाठवतात. तो बिचारा फळी ओलांडून येतो, फाइल ठेवतो, "बरोवन दवर" म्हणतो. म्हणजे उधारी, लिहून ठेव. मागची उधारीच सहाशे चाळीस आहे. परवा असाच आला. तक्रारींची फाइल, प्रत्येकाची एक प्रत, म्हणाला, वर पाठवायचीय. मी एकेक कागद काचेवर ठेवत होते. कुणाचा दिवा बंद, कुणाच्या दारात कचरा, कुणाची मोकाट गुरं. सतरावा कागद उचलला तर अक्षर ओळखीचं. माझाच अर्ज. दुकानासमोरील गटाराच्या लादीबाबत. कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग.

क्षणभर वाटलं, ह्याच्या दहा प्रती काढून फाइलभर कोंबाव्या. शिपाई घाई करत होता, जेवणाची वेळ झाली होती. काचेवर ठेवला, बटण दाबलं. डागासकट छान आली प्रत.

दोन रुपये. वहीत मांडून ठेवलेत, पालिकेच्या नावावर.