खुलासा: 1 नो ट्रम्पवर दुबळा हात म्हणजे नेहमीच पास नव्हे

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘भिडूने 1 नो ट्रम्प उघडलं आणि आपले 8 पेक्षा कमी पॉइंट असले, तर पासच करायचं.’ (1 नो ट्रम्प म्हणजे हुकमाशिवाय खेळण्याची बोली.) हे अर्धवट आहे.

हा हात पाहा: बदाम गुलाम-9-7-5-4-2, इस्पिक 8-3, चौकट राणी-6-2, किलवर 7-4. पॉइंट फक्त 3 (राणीचे 2, गुलामाचा 1). नो ट्रम्पमध्ये हे बदाम बहुधा वाया जातात. हुकूम झाले की हमखास दोन-तीन हात (ट्रिक) देतात. उघडणाऱ्याचा हात समतोल, म्हणजे त्याच्याकडे किमान 2 बदाम असतातच. एकूण आठ हुकूम झाले. म्हणून 2 चौकट (ट्रान्सफर, म्हणजे भिडूला 2 बदाम बोलायला लावणारी ठरलेली बोली) बोला, भिडू 2 बदाम म्हणेल, मग पास. ट्रान्सफरला किमान पॉइंटांची अट नाही. ट्रान्सफर ठरलेला नसेल, तर थेट 2 बदाम.

8 पॉइंटांची मर्यादा गेमसाठी (बोनस मिळवून देणाऱ्या मोठ्या बोलीसाठी) विचारणा करण्याची आहे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. नवशिक्यांचं खरंच नुकसान होतं.